चर्चा: जिथे शिंपल्यात विष असू शकतं, तिथे मुलांना शिंपले काढायला शिकवावं का? (अलास्का आणि लगतचा किनारा)

भरती_ओहोटी (धागाकर्ता)
आग्नेय अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांत एक म्हण आहे: ओहोटी लागली की पान वाढलेलंच असतं. भांडण आहे ते त्या पानावरच्या विषाचं. अलेक्झांड्रियम नावाचं सूक्ष्म शेवाळ शिंपल्यांच्या पोटात जातं आणि त्यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष मांसात साठतं. त्याला ना चव ना वास. उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात, आणि मात्रा जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. श्वास यंत्राने चालू ठेवायचा आणि विष ओसरण्याची वाट बघायची. अलास्का राज्य विक्रीचा माल तपासतं, पण घरच्यापुरतं गोळा करणाऱ्यांचे किनारे तपासत नाही.
तरीही माझं मत: तिथल्या आदिवासी मुलांना हे शिकवलंच पाहिजे आणि लहानपणीच. नाही शिकवलं तरी दोस्तांबरोबर ती जाणारच. तेव्हा सोबत जाणतं कोणी नसेल.

खवचट_खेकडा
पोहायला शिकवलं की मूल बुडत नाही, तसला हा युक्तिवाद. फरक इतकाच की पोहणाऱ्याला पाणी दिसतं. इथे चाळीस वर्षं वाळू उकरलेल्या आजीलाही विष दिसत नाही. १७९९मध्ये आग्नेय अलास्कातल्या सिटका गावाजवळच्या सामुद्रधुनीत शिणाणे (काळ्या कवचाचे शिंपले, मसल्स) खाऊन शंभरावर शिकारी मेले. शहरी पाहुणे नव्हते हो, जन्मभर समुद्रावर जगलेली माणसं होती. त्या जागेला आजही पेरिल स्ट्रेट म्हणतात. शिवाय मोठ्याला जेमतेम मुंग्या आणणारी मात्रा लहान मुलाच्या अंगात जास्त भिनते. परंपरा जपायची तर मोठ्यांनी आपल्या पोटावर जपावी.

वल्हं
खेकडेबुवा, ते शिकारी त्या किनाऱ्याचे नव्हतेच. रशियन कंपनीने त्यांना अलास्कातल्याच कोडियाक बेटाच्या बाजूने शेकडो किलोमीटर लांब समुद्री ऊदमांजरांच्या शिकारीवर आणलं होतं. कुठला किनारा कधी टाळायचा हे ज्ञान त्या त्या किनाऱ्याचं असतं, ते माणसाबरोबर प्रवास करत नाही. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे!
आणि शिकवणं म्हणजे फक्त खाणं का? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात क्वाड्रा बेटावर शिंपल्यांच्या बागा आहेत, काही सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या. ओहोटीच्या रेषेवर दगडांचा बांध घालायचा, त्यामागे वाळू साठून उतार सपाट होतो आणि शिंपल्यांना जागा वाढते. दगड बाजूला सारायचे, वाळू उलथायची, बारके परत पुरायचे. मुलांच्या हाताला जमणारीच कामं आहेत ही. वॉशिंग्टन राज्यात स्विनोमिश लोकांनी २०२२मध्ये अशी नवी बाग बांधली. कॅनडाने आदिवासी मुलांना निवासी शाळांत कोंडलं तेव्हा नेमकं हेच तुटलं. आता आपण सुरक्षिततेच्या नावाने उरलेलं तोडायचं?

खवचट_खेकडा
बांध घाला की, कोण अडवतंय? मी खाण्याबद्दल बोलतोय. 'हिवाळ्यात चालतं' हा जुना ठोकताळा घ्या. बटर क्लॅम ही शिंपल्याची जात विष दोन वर्षांपर्यंतही धरून ठेवते, म्हणजे उन्हाळ्यातलं विष हिवाळ्यात पानात. शिंपला पाणी आत-बाहेर करतो त्या नळीचं काळं टोक कापून टाकतात, त्याने कमी होतं पण जात नाही. तुकडा ओठाला लावून बघणारेही आहेत. अशी अर्धी खरी शिकवण मुलाला दिली की ते बेफिकीर होतं, आणि त्यातून आता समुद्र तापतोय, शेवाळाचा हंगाम लांबतोय.

भरती_ओहोटी
म्हणूनच काळं टोक शिकवायचं आणि त्यावर विसंबायचं नाही, हेही त्याच दिवशी शिकवायचं. सिटका ट्राइब या तिथल्या जमातीची स्वतःची प्रयोगशाळा आहे, आसपासच्या जमाती तिथे नमुने पाठवतात. काढलेला सगळा माल घरी गोठवून ठेवायचा, त्याच ढिगातला नमुना पाठवायचा, १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला तरच शिजवायचा. पिशवीवर किनारा आणि तारीख मुलाने स्वतः लिहावी. आपल्या हाताने काढलेलं निकाल येईपर्यंत न खाणं, हाच मला यातला खरा धडा वाटतो. आणि वाईट निकाल आला तर पिशवी मुलासमोर फेकावी.

डोंगरवाट
कागदावर छान. त्या भागातली बरीच गावं रस्त्याने जोडलेलीच नाहीत. नमुना विमानाने किंवा बोटीने जाणार, तेही हवामानाची मर्जी असेल तेव्हा. सण तोंडावर आला, निकाल नाही, फ्रीझर भरलेला. तेव्हा काय होतं ते सांगायला नको. विक्रीच्या मालाला तपासणी आणि ज्यांचं पोट किनाऱ्यावर चालतं त्यांना पत्रक, हा राज्याचा न्याय आधी बदला. मग मुलांचं बोलू.

वल्हं
राज्य बदलेपर्यंत ती मुलं मोठी होतील ना पण.

खवचट_खेकडा
गोठवून थांबण्याला माझा विरोध नाही, डोंगरवाटची शंका मात्र खरी आहे. तडजोड सुचवतो: पहिली काही वर्षं मुलांच्या टोपलीत बटर क्लॅम नकोच. लिटलनेक या दुसऱ्या जातीतून विष त्या मानाने लवकर निघून जातं, तेवढेच काढू द्या, निकालाची अट ठेवून. आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळखता येत नसतील तर टोपलीच देऊ नका.

भरती_ओहोटी
लिटलनेकचं मान्य. टोपलीचं नाही. ओळख टोपली भरतानाच होते.