'सुपरबॅड'मधला सेथ : जिवाभावाचा दोस्त की डोक्याला ताप?

पेठकरी (धागाकर्ता)

'सुपरबॅड'चा विषय निघाला की आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, मॅकलव्हिन. मीम त्याचे, स्टेटस त्याचे. ज्या सेथवर अख्खा पिक्चर उभा आहे त्याला मात्र 'तोंडाळ', 'आगाऊ', 'असल्याशी कोण मैत्री करंल' म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही.

न बघितलेल्यांसाठी थोडक्यात. २००७ चा अमेरिकन पिक्चर, दिग्दर्शक ग्रेग मोटोला. सेथ (जोना हिल) आणि इव्हान (मायकल सेरा) लहानपणापासूनचे दोस्त. शाळा संपत आलीय, कॉलेजं वेगवेगळी होणार आहेत. ज्यूल्स नावाच्या पोरीच्या घरी पार्टी आहे आणि तिथं दारू पोचवायची हमी सेथ भरून बसतो. तिकडं दारूला २१ पूर्ण लागतात. (आपल्या महाराष्ट्रात कडक दारूला २५, तेव्हा हसू नका.) तिसरा गडी फोगेल खोटं लायसन्स काढून आणतो. पत्ता हवाईचा, वय २५ आणि नावाच्या जागी नुसतं 'मॅकलव्हिन', पुढं-मागं काही नाही. मग रात्रभर जो राडा होतो तो पिक्चर.

गेल्या शनिवारी कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच्या गच्चीवर पडदा बांधून आम्ही हा बघितला. लायसन्सच्या सीनला पोरं लोळली, ते ठीक. पण मधेच एका ठिकाणी सेथला कळतं की कॉलेजात इव्हान आणि फोगेल दोघांनी एकत्र राहायचं कधीच ठरवून टाकलंय. ह्याला पत्ताच नाही. तिथंसुद्धा पोरं हसली. जोना हिलचं तोंड तिथं बघा एकदा. रात्रभर ज्याची बडबड थांबत नव्हती त्याला क्षणभर शब्द सापडत नाही. सेथचा सगळा आरडाओरडा भीतीपोटी आहे हो. अभ्यासात हा मागं, पोरींच्यात ह्याला कुणी विचारत नाही, असलेला एक दोस्त निघून चाललाय. असा माणूस गप्प बसून 'मला सोडून जाऊ नको' म्हणत नाही, तो शिव्या देतो. आपल्या पेठेत कुणाला हे सांगायला नको.

माझं मत : पिक्चरमध्ये दोस्ती निभावली असेल तर सेथनं. इव्हान नुसता सभ्य दिसतो.

अबोली_मंगळवारपेठ

दादा, भीती वाटते म्हणून माणूस चांगला ठरतो का? सेथचा प्लॅन काय आहे ते तुम्ही सोयीनं गाळलं. दारू कशासाठी पाहिजे त्याला? पोरी प्याल्या की त्यांच्या हातून चूक होते, आणि ती चूक आपण व्हायचं. हे तो दोस्ताला तोंडानं सांगतो, तेही खुशीत. ह्याला तुम्ही 'दोस्ती निभावली' म्हणता?

आणि शेवटी होतं काय? ज्यूल्स दारू पीतच नाही! ज्या पोरीसाठी एवढा जीव काढला ती शुद्धीत आहे आणि हा पिऊन तर्र. ती सरळ सांगते, तू प्यालायस, आत्ता नको. मग हा रडतो आणि तोल जाऊन डोकं तिच्याच तोंडावर आपटतो. तिचा डोळा काळानिळा. आमच्या रूमवर त्या सीनला टाळ्या पडल्या. मी उठून पाणी प्यायला गेले.

इव्हान 'नुसता सभ्य दिसतो' म्हणे. त्याला आवडणारी बेक्का प्यालेली आहे, स्वतःहून मागं लागलीय, तरी तो मागं सरतो. सतरा-अठराव्या वर्षी एवढं कळणारी पोरं मला आमच्या वर्गात दाखवा.

जुना_प्रेक्षक

नातवानं लावून दिला म्हणून अर्धा बघितला. एवढी घाण भाषा! बाबुराव पेंटरांनी ज्या गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत जन्म घालवला, त्या गावातली पोरं असल्या सिनेमावर वाद घालतात ह्याचं नवल वाटतं. उमा टॉकीजला आम्हीही पिटात बसून शिट्ट्या मारल्या आहेत, सोवळे नव्हतो. पण मित्राबद्दल बोलताना आमची जीभ अशी सैल सुटत नव्हती. आणि ते दोन पोलीस? गाडीत त्या फोगेलला घेऊन दारू पितात, पिस्तूल त्याच्या हातात देतात. ह्यात हसण्यासारखं काय आहे?

पेठकरी

काका, धागा कसलाही असू दे, बाबुराव पेंटर आलेच पाहिजेत! गंमत करतोय, राग मानू नका. पण जीभ सैल सुटत नव्हती हे काय मी मानत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या फुटबॉल मॅचला बसला असाल की तुम्ही. तिथं सख्खा भाऊ समोरच्या तालमीकडनं खेळत असला तरी त्याची गय नाही.

पोलिसांचं मात्र तुम्ही चुकीच्या बाजूनं धरलं. ते दोघं म्हणजे सेथ-इव्हानच आहेत, वय वाढलेले. वर्दी मिळाली तरी पोरपण सुटलं नाही. आपलीच गाडी पेटवून देऊन नाचतात ते. कुणीतरी आपल्याला पण पार्टीला बोलवावं एवढीच त्यांची इच्छा. मला तर ते बघून थोडं वाईटच वाटलं.

अबोली, प्लॅन घाण आहे, कबूल. पण पिक्चरनं त्याला तो प्लॅन साधू दिला का? नाही. तोंडावर पाडला. आणि पोलीस पार्टीत घुसल्यावर सगळी पोरं वाट फुटेल तिकडं पळतात, तेव्हा झिंगून पडलेल्या इव्हानला हातावर उचलून बाहेर कोण काढतं? सभ्य इव्हान की आगाऊ सेथ?

कॅप_राउंड_पीडित

मी यंदाच बारावी झालो, त्यामुळं माझं जरा ऐका.

आम्ही तिघं. बालवाडीपासून नाही, आठवीपासून, पण रोजचे. क्लास सुटला की रंकाळ्यावर चक्कर, भेळ, नऊला घरी. परवा कॉलेज ॲडमिशनची यादी लागली. दोघांना पुणं मिळालं, एक जण इथंच. पुण्यात रूम शोधायला पाहिजे, डिपॉझिट भरायला पाहिजे, मेस बघायला पाहिजे, आणि हे सगळं फोनवर बोलताना तिसरा शेजारी असला की आम्ही दोघं विषय बदलतो. कुणी ठरवलेलं नाही. आपोआप होतंय.

म्हणून इव्हानला लबाड म्हणू नका. तो काय वाईट बुद्धीनं लपवत नाही. सांगायचं कधी? आज त्याचा मूड खराब आहे, उद्या पेपर आहे, परवा पार्टी आहे. एक दिवस दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून कळतं आणि तुम्ही चोर ठरता. शेवटी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या तो बोलतोच की, अनोळखी पोरांबरोबर राहायची भीती वाटते म्हणून फोगेलबरोबर चाललोय. म्हणजे भ्यालेला एकटा सेथ नाही. फक्त सेथची भीती ऐकू येते, इव्हानची येत नाही.

बाकी काका, प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. तिथं आमची काय कथा.

जुना_प्रेक्षक

हे मात्र खरं बोललास. उरलेला अर्धा बघतो.

चष्मेवाली_तिकटी

सेथ का इव्हान, सेथ का इव्हान. आणि फोगेल कुठं गेला?

जरा हिशेब मांडा. लायसन्स त्याचं. काउंटरला उभं राहायचं त्यानं. गल्ला लुटायला आलेल्याचा ठोसा खायचा त्यानं. पोलिसांच्या गाडीत बसायचं त्यानं. आणि हे दोघं बाहेर उभं राहून काय करतात? पोलीस दिसले की त्याला तसाच टाकून निघतात. सेथ तर सुरुवातीपासून त्याला धड माणसात धरत नाही. नाव काय ठेवलंस, जाकीट काय घातलंस. इव्हान जरा बऱ्या तोंडानं बोलतो एवढंच.

असा एक फोगेल प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि सगळ्यांना तो चालतो. मिरजकर तिकटीला आमच्या समोरच्या कट्ट्यावर रोज बघते मी. वाढदिवस कुणाचाही असू दे, केक आणायला तोच. गाडीवर फोटो काढायचे असतील तर मोबाईल धरायला तोच, म्हणजे फोटोत तो नाही. डिजिटल बॅनरवर खाली शुभेच्छुकांच्या रांगेत ह्याचा चेहरा शेवटचा, तोही कापलेला. पैसे गोळा करायची वेळ आली की पहिला फोन त्याला. आणि वर म्हणायचं, 'भावा, तुझ्याशिवाय ग्रुप नाही.'

मॅकलव्हिनवर लोक का जीव टाकतात? पेठकरींना वाटतं लोकांना खोली नाही म्हणून. मला वाटतं, बघणाऱ्यांत फोगेल जास्त आणि सेथ कमी असतात म्हणून. त्या रात्री एकट्या त्याचीच चैन होते. पोलिसांशी दोस्ती होते, आणि शेवटी ते त्याला सगळ्यांसमोर मोठा गुन्हेगार असल्यासारखं पकडून नेतात, नुसतं त्याचं वजन वाढावं म्हणून. ह्याच्या खऱ्या दोस्तांनी कधी केलं का एवढं?

पेठकरी

ताई, बॅनरचं लागलं. आमच्या मंडळाच्या बॅनरवर शेवटचा चेहरा माझाच असतो. तरी मी सेथच्याच बाजूनं आहे, आता काय करू.

रीळवाला

थोडी माहिती टाकतो, वादात उपयोगी पडेल. हा पिक्चर सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग ह्या दोन दोस्तांनी लिहिलाय, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. लिहायला लागले तेव्हा दोघं जेमतेम १३ वर्षांचे होते. नायकांना नावं स्वतःचीच दिली. पिक्चर उभा राहीपर्यंत रोगनचं वय उलटून गेलं, म्हणून सेथ जोना हिलकडं गेला आणि रोगननं त्या दोन पोलिसांतला एक केला. म्हणजे पेठकरी म्हणतात की पोलीस हे सेथ-इव्हानच आहेत, ते अगदीच हवेतलं नाही.

ज्यूल्स झालेल्या एमा स्टोनचा हा पहिलाच पिक्चर. फोगेल झालेला ख्रिस्तोफर मिंट्झ-प्लासही पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आला होता.

अबोली_मंगळवारपेठ

धन्यवाद रीळवाले, माझंच काम केलंत. १३ वर्षांच्या पोरांनी सुरू केलेली गोष्ट आहे, म्हणूनच पोरी त्यात दुरून दिसतात. ज्यूल्सला काय आवडतं? घरी कोण आहे? कॉलेजला कुठं चाललीय? काही कळत नाही. ती छान आहे, हसते, दारूसाठी १०० डॉलर काढून देते आणि शेवटी माफ करते. एमा स्टोन होती म्हणून ती माणूस वाटते, कागदावर तिला फार काही दिलेलं नाही.

आणि माफी किती स्वस्तात! दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये भेट. हिचा डोळा सुजलेला, तो झाकायला मेकअप घ्यायचाय. सेथ म्हणतो चल, मी येतो. झालं, मिटलं. आमच्या कॉलेजात असं झालं असतं तर पोरीनं आठवडाभर घरी काय सांगायचं ह्याचा विचार केला असता आणि पोरगा कट्ट्यावर हिरो झाला असता.

पेठकरी

मॉलचा सीन तू स्वस्त म्हणतेस? अख्ख्या पिक्चरमधला तोच खरा. दोघं रात्री एकमेकांना 'जीव आहे माझा तुझ्यावर' म्हणालेत, सकाळी उठून लाजलेत, निघायचं तर निघवत नाही म्हणून उगाच मॉलला आलेत. आणि पोरी भेटल्यावर दोन मिनिटांत जोड्या फुटतात. इव्हान बेक्काबरोबर कॉलेजसाठी पांघरूण घ्यायला, सेथ ज्यूल्सबरोबर मेकअप घ्यायला. सरकत्या जिन्यावरनं सेथ मागं वळून बघत राहतो. जी पोरगी मिळावी म्हणून रात्रभर मार खाल्ला ती शेजारी उभी आहे आणि ह्याचं लक्ष दोस्ताकडं. गच्चीवर तिथं कुणी हसलं नाही. एक जण मोबाईल काढून उगाच खाली बघत बसला. पोरींचं चित्र कच्चं आहे हे मी मान्य करतो, पण ती गोष्ट पोरींची नाहीच. दोन पोरांना एकमेकांशिवाय राहता येतंय का, एवढंच विचारलंय त्यात.

अबोली_मंगळवारपेठ

मग पोरींच्या दोस्तीवर कुणीतरी असाच पिक्चर काढा, इतकाच आगाऊ, इतक्याच शिव्यांचा. आणि तो गच्चीवर लावा. मग बघू कोण हसतंय आणि कोण 'संस्कार' म्हणून उठून जातंय.

जुना_प्रेक्षक

उरलेला बघितला. भाषेबद्दलचं मत तेच आहे. पण अबोली, तू म्हणतेस तसा निघाला तर मी उठून जाणार नाही. आवाज कमी करून बघेन.

चष्मेवाली_तिकटी

एवढी चर्चा झाली, पण एक कुणाच्या लक्षात आलं नाही. मॉलच्या त्या सीनमध्ये फोगेल नाहीच! आदल्या रात्री ज्याच्या जिवावर सगळं झालं त्याला साधं मॉलला पण बोलावलेलं नाही.

कॅप_राउंड_पीडित

ताई, इव्हानला काय, तो कॉलेजात रोज रूमवर भेटणारच आहे की.

चष्मेवाली_तिकटी

म्हणजे मेसचा डबा पण त्यानंच आणायचा.