अनुभव धागा: ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजेरिन्स’ पाहताना आठवलेल्या आया

७ मार्च २०२५ पासून सलग चार शुक्रवारी, दर खेपेला चार भाग, अशी ही सोळा भागांची कोरियन मालिका नेटफ्लिक्सवर आली. जेजू बेटावरची ए-सुन, समुद्रात बुडी मारून पोट भरणारी तिची आई ग्वांग-र्ये आणि ए-सुनची लेक गुम-म्योंग अशा तीन पिढ्या तीत आहेत. लिम सांग-चुन यांचे लेखन आणि किम वोन-सक यांचे दिग्दर्शन याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. इथे परीक्षण नको. कोणत्या प्रसंगाला तुम्हाला मालिका थांबवावी लागली आणि त्या क्षणी आपल्या घरातले कोण डोळ्यांसमोर आले, एवढेच लिहावे. रडू आले नसेल तर तेही लिहावे. सुरुवात मीच करते.

रत्नागिरी

मी अडकले ती पहिल्याच भागात, माशापाशी. वडील गेलेले, आईने दुसरे लग्न केलेले, म्हणून दहा वर्षांची ए-सुन काकाच्या घरी राहते. तिथे सगळ्यांच्या पानात मासा पडतो, तिच्या पानात पडत नाही. मासा आपल्याकडच्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. लेकीला मासा वाढत नाहीत हे कळल्यावर योम ह्ये-रान यांची ग्वांग-र्ये जी चवताळते, ते पाहताना मी आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचले.

आमच्याकडे तुकड्या आजी वाढत असे. सुरमईची मधली, जाड तुकडी माझ्या दोन्ही भावांना, आणि शेपटाकडची मला. यात कोणाला काही वावगे वाटत नसे, मलाही नाही. आई सासूपुढे कधी एक शब्द बोलली नाही. मात्र मी चौथीत असताना एके दिवशी मी तुकडीकडे पाहत राहिले आणि ते तिने पाहिले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्या घरात सुरमई आली नाही. आई बाजारातून मांदेली आणायची, तीच कुरकुरीत तळायची आणि परात मध्ये ठेवून द्यायची. आजी कुरकुरली, भाऊ कंटाळले. आई म्हणे, सुरमई महाग झाली आहे. मांदेलीच्या तुकड्या करता येत नाहीत, हे मला चाळिशी उलटल्यावर, एका परक्या भाषेतली मालिका पाहताना कळले. ग्वांग-र्येसारखे तिला कोणाच्या दारात जाऊन भांडता आले नसते, म्हणून तिने मासाच बदलला.

श्टुटगार्ट, जर्मनी

मला ए-सुनपेक्षा गुम-म्योंगचा राग आला, आणि तो राग कुठून येतो आहे हे कळायला दोन भाग जावे लागले. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेली, सोलच्या विद्यापीठात गेलेली, जपानला जाऊन आलेली ही हुशार मुलगी बाहेरच्यांशी अदबीने बोलते आणि आईवर मात्र खेकसते. तरुण ए-सुन आणि गुम-म्योंग या दोन्ही भूमिका आययू या एकाच अभिनेत्रीने केल्या असल्यामुळे, आईने ज्या तोंडाने स्वप्ने बोलून दाखवली त्याच तोंडाने मुलगी तिला झिडकारते आहे असे दिसते. वयस्क ए-सुन झालेल्या मून सो-री तेव्हा काहीही बोलत नाहीत. हातातले काम चालू ठेवतात.

गेल्या दिवाळीत मी कोल्हापूरला गेले होते. देवघराशेजारच्या भिंतीवर दोन घड्याळे आहेत. दुसरे बंद पडले आहे असे मी इतकी वर्षे समजत होते. ते बंद नव्हते, माझ्या गावाची वेळ दाखवत होते. जर्मनीत मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळ बदलते, म्हणजे आमच्यातले अंतर कधी साडेतीन तास तर कधी साडेचार. त्या दोन रविवारांभोवती आई कालनिर्णयवर पेन्सिलीने गोल करून ठेवते आणि स्टुलावर चढून काटे फिरवते. ती कधीच अवेळी फोन करत नाही, याचे श्रेय मी आजवर योगायोगाला देत आले होते. उलट मी मात्र मीटिंगमध्ये आहे असे सांगून तिचा फोन किती वेळा कापला आहे, ते इथे लिहिण्याचे धैर्य नाही.

नागपूर

मी थोडे विरोधात लिहिते, धागा काढणाऱ्या ताईंनी मुभा दिलीच आहे. आईच्या कष्टांवर रडून आपण मोकळे होतो, आणि कष्ट तसेच राहतात, असे मला ही मालिका पाहताना वारंवार वाटले. शिवाय ए-सुनला ग्वान-शिकसारखा नवरा लेखिकेने दिल्यामुळे सगळे गोड होऊन जाते. माझी आई शिलाई करून आम्हा तिघींना वाढवत होती, तेव्हा वडील गावात असूनही घरात नव्हते. म्हणून तरुण ग्वान-शिक झालेले पार्क बो-गम आणि पुढे वयस्क ग्वान-शिक झालेले पार्क हे-जुन पडद्यावर आले की मला रडू येण्याऐवजी हेवा वाटे.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ए-सुनला कवयित्री व्हायचे होते, हे मालिका विसरत नाही. दहा वर्षांची असताना ती आईवर कविता लिहिते: आई रोज कालवांसाठी समुद्रात जाते, आणि त्या शिंपल्यांतून मिळणारे पैसे आपणच देऊन आईचा एक दिवस विकत घ्यावा असे तिला वाटते. (भाषांतरात काही ‘कालवं’ म्हणत नाहीत, तो अबालोन नावाचा मोठा, महागडा शिंपला आहे. पण मला कालवंच आठवली.) ती आई वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी जाते. ए-सुनच्या कविता छापल्या जातात तेव्हा तिचे केस पांढरे झालेले असतात. माझ्या आईला काय व्हायचे होते, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. परवा विचारले. तिला कंडक्टर व्हायचे होते. तिकिटांना भोके पाडायचा तो चिमटा तिला फार आवडायचा.

ठाणे

माझा अनुभव छोटा आहे. मी ही मालिका आईला शेजारी बसवून, इंग्रजी ओळी मोठ्याने मराठीत सांगत पाहिली. ग्वान-शिकच्या घरी पुरुषांचे ताट वेगळे आणि बायकांचे वेगळे. तो एके दिवशी वळून बसतो आणि बायकोच्या ताटाकडे तोंड करून जेवू लागतो. मी भारावून गेलो होतो. आमच्या गावच्या घरीही पुरुषांची पंगत आधी उठायची, आणि आई तीन वाजता जेवायची. आईने तो प्रसंग शांतपणे पाहिला आणि विचारले, “वळला ते बरं केलं. पण भांडी कोणी घासली?”

त्यानंतर सोळाव्या भागापर्यंत ती हाच प्रश्न विचारत राहिली.

गावाचे नाव लिहीत नाही

ए-सुन आणि ग्वान-शिकचा धाकटा मुलगा दोंग-म्योंग वादळात जातो. तो भाग मी अर्ध्यावर बंद केला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा लावला. माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता. याहून अधिक त्याच्याविषयी लिहीत नाही.

मला लिहायचे आहे ते तांदळाच्या रांजणाविषयी. त्या जोडप्याचे हाल चालू असताना घरमालक म्हातारा-म्हातारी काही न बोलता त्यांच्या रांजणात तांदूळ टाकत राहतात, आणि रांजण तळाला जात नाही. आमच्या चाळीत शेजारच्या काकू रोज सकाळी आमचे दूध घेत, तापवत आणि ओट्यावर ठेवून जात. त्या कधी आत येऊन बसल्या नाहीत, धीर धर असे म्हणाल्या नाहीत. चाळीस दिवसांनी मी स्वतः दूध तापवायला उठले, तर त्या दारातूनच परत फिरल्या. आज त्या नाहीत. मालिकेतली ती म्हातारी मी दोनदा मागे नेऊन पाहिली.

वेंगुर्ला, सध्या मुक्काम पुणे

जेजूच्या या पाणबुड्या बायकांना ‘हेन्यो’ म्हणतात. प्राणवायूची नळकांडी न घेता त्या साधारण दहा मीटरपर्यंत खोल जातात, मिनिटभर श्वास रोखतात, आणि वर आल्यावर शीळ घातल्यासारखा आवाज करून तो सोडतात. त्या शिळेला ‘सुमबिसोरी’ असे नाव आहे. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आज या कामात राहिलेल्या बायका बहुतेक वयस्कच आहेत.

माझी आई बुडी मारत नाही. ओहोटीला खाडीत उतरून ती तिसऱ्या काढते. कमरेत वाकून, पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत, हाताने उकरत. भरतीची वेळ तिला घड्याळाशिवाय कळते. घरी आली की तिची बोटे पांढरी पडून सुरकुतलेली असत आणि त्यांना चिखलाचा वास येत असे. त्याच हाताने ती माझी वेणी घालायची आणि मी शाळेत वास येईल म्हणून मान हिसडायचे. ग्वांग-र्ये पाण्याबाहेर येऊन ती शीळ घालते तेव्हा मला तो वास आला. पडद्याला वास नसतो हे मला माहीत आहे.

मालिकेचे मूळ नाव ‘फोक्साक सोगास्सुदा’ हे जेजूच्या बोलीतले आहे. त्याचा अर्थ ‘फार कष्ट घेतलेत’ असा आहे, पण प्रमाण कोरियन बोलणाऱ्याला ते ‘पुरते फसलात’ असे ऐकू येते. मालवणीत याला नेमका शब्द मला सापडेना. तरी मागच्या रविवारी फोन लावला आणि म्हटले, “आये, खूप दमलंस गो इतकी वर्सां.” पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता.

मग ती म्हणाली, “माका काय झाला दमूक? तू कधी येतलंस तां सांग. पंधरवड्यान मोठी ओहोट आसा.”