दूतावासांच्या व्यापार कार्यालयात नोकरी : शिक्षण काय लागतं, पुढे वाव किती?

सईची_वही
नमस्कार मंडळी, मी पुण्यात ऑटो पार्ट्स एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. बीकॉम झालंय, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, बी१ (मधली पातळी) पास आहे. मुंबईत वेगवेगळ्या देशांच्या कॉन्सुलेटमध्ये ट्रेड सेक्शन असतात तिथे काम करायची मनापासून इच्छा आहे. घरचे म्हणतात त्याला यूपीएससी लागते, मैत्रीण म्हणते आयआयएफटीचं (परदेशी व्यापार शिकवणारी सरकारी संस्था) एमबीए नसेल तर कुणी विचारत नाही. नक्की काय लागतं? आणि आठ-दहा वर्षांनी माणूस कुठे पोचतो?

गोदाकाठ
घरचे वेगळ्याच नोकरीबद्दल बोलतायत. भारताच्या परदेशातल्या दूतावासात कमर्शियल विंग असते, तिथे आपले अधिकारी मुख्यतः आयएफएसमधून (परराष्ट्र सेवा) जातात म्हणून यूपीएससी. त्याच परीक्षेतून इंडियन ट्रेड सर्व्हिस पण मिळते, ते लोक डीजीएफटीत, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयात असतात. तुम्ही म्हणताय ती परदेशी सरकारांची इथली ऑफिसं, ती इथल्या लोकांना थेट घेतात. जाहिरात येते, अर्ज करायचा, मग चाचणी नि इंटरव्ह्यू.

बीकेसी_लोकल
मी अशाच एका ऑफिसात बरीच वर्षं आहे, देश सांगत नाही. काम काय ते आधी समजून घ्या कारण बाहेरून फक्त रिसेप्शन आणि झेंडे दिसतात. समजा त्यांच्याकडच्या एका छोट्या मशीन बनवणाऱ्या कंपनीला भारतात डीलर हवाय. मग तुम्ही एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा कस्टम्सचा नंबर) काढायचा, ड्युटी किती बसते बघायची, बीआयएस सर्टिफिकेट (भारतीय मानकांचं) लागतं का ते शोधायचं, आठ-दहा योग्य कंपन्या निवडून प्रत्येकाला फोन करून खरंच इंटरेस्ट आहे का विचारायचं, मीटिंगा लावायच्या आणि पाहुण्यांना घेऊन चाकणला नाहीतर राजकोटला जायचं, संध्याकाळी परत येऊन रिपोर्ट लिहायचा. मंत्र्यांचं डेलिगेशन आलं की आठवडाभर घर विसरा.
डिग्री कुठलीही चालते, एमबीए असेल तर चाळणीत पुढे जाता, पण माझ्या मते निवड होते ती एखाद्या सेक्टरमधल्या माहितीवर. ऑटो, फार्मा, फूड प्रोसेसिंग, काहीतरी एक पक्कं हवं. आणि इंग्रजीत दोन पानांची स्वच्छ नोट लिहिता आली पाहिजे, इथेच बरेच लोक अडकतात.

आंबेमोहर
वाव किती हे पण स्पष्ट सांगा ना त्यांना. माझी बहीण अशा नोकरीत होती. ट्रेड असिस्टंट, मग अ‍ॅडव्हायजर, मग सिनियर, आणि बहुतेक ठिकाणी तिथेच थांबतं, कारण वरची खुर्ची त्यांच्या देशातून आलेल्या अधिकाऱ्याची. तो तीन-चार वर्षांनी बदलतो, नवा येतो, त्याला परत सगळं तुम्हीच शिकवायचं. डिप्लोमॅटिक पासपोर्ट नाही, इन्कम टॅक्स आपल्याला भरावाच लागतो आणि काही ऑफिसं टीडीएस कापत नाहीत, म्हणजे अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा स्वतः सांभाळायच्या. बहिणीने शेवटी एका परदेशी कंपनीचं इंडियातलं काम घेतलं, ओळखी सगळ्या त्याच ऑफिसातल्या, त्यामुळे वर्षं वाया गेली असं ती अजिबात म्हणत नाही.

बीकेसी_लोकल
बरोबर आहे. पाच-सहा वर्षं झाली की पुढचं ठरवायला घ्यावं.

कोथरूडची_शाळा
सईताई, तुमचं जर्मन आहे तर फक्त कॉन्सुलेटच्या जाहिराती बघत बसू नका. जर्मनीचं व्यापार वाढवायचं पुष्कळसं काम इंडो-जर्मन चेंबर करतं, १९५६ पासून आहे, मुख्य ऑफिस मुंबईत आणि पुण्यातही शाखा आहे. दुसरं म्हणजे स्वित्झर्लंड. एफ्टा देशांबरोबरचा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे, आणि स्विस बिझनेस हब मुंबईतच आहे. बी१ वर थांबू नका, बी२ करा, ईमेल आणि फोन दोन्ही जमले पाहिजेत. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन ऑफिसांत मात्र तिसऱ्या भाषेची गरज पडत नाही. जपानी येत असेल तर जेट्रो, म्हणजे जपान सरकारची व्यापार संस्था.

सईची_वही
खूप खूप आभार सगळ्यांचे! म्हणजे एमबीएसाठी नोकरी सोडू नको का?

गोदाकाठ
आत्ता नको असं माझं मत. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला), इन्कोटर्म्स (खर्च-जोखीम कुणाची ते ठरवणाऱ्या अटी) हे तुम्ही रोज हाताळताय, पुस्तकातून शिकून आलेल्याला ते तितकं येत नाही. पार्ट-टाइम काही करता आलं तर करा.

आंबेमोहर
मी असहमत. तीस वर्षांच्या आत एमबीए झालं तर चेंबर किंवा कंपनीत उडी मारताना फार उपयोग होतो, बहिणीला तीच अडचण आली. पण कर्ज काढून साध्या कॉलेजात करणार असाल तर गोदाकाठ म्हणतात तेच बरं.
आणि एक, दूतावासात लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. जागा त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर निघतात, फी नसते.

बीकेसी_लोकल
अर्ज करताना सीव्हीत "डॉक्युमेंटेशन" एवढंच लिहू नका. कुठल्या देशात माल जातो, कुठले पार्ट, कुठला व्यापार करार वापरून ड्युटी वाचवली, ते लिहा. इंटरव्ह्यूत तेच विचारतात.