परसात हुरड्याची आगटी: नियम काय, जागा कुठली?

प्रश्न: परभणीत महापालिका हद्दीत घर आहे. मागं शहाबादी फरशी, एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, कोपऱ्यात कडब्याची गंजी. पौषात दहा-बारा जणांसाठी आगटी लावायचीय. कायद्याची अडचण येते का? फरशीवरच पेटवली तर?

उत्तर १: दादा, अडचण येते ती कचऱ्यामुळं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. दंड ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. म्हणून आगटीत पालापाचोळा, प्लॅस्टिक, थर्माकोलच्या पत्रावळ्या काही टाकू नका. निष्काळजीपणानं आग पेटवून दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. उपविधी शहरागणिक बदलतात, तेव्हा वॉर्ड कार्यालयात आधी विचारा. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. तक्रार बहुतेक धुराचीच होते.

उत्तर २: फरशीवर अजिबात नको. आत मुरलेल्या ओलीची वाफ होते आणि फरशी तडकून कपच्या उडतात, थेट डोळ्यांत. उघड्या मातीत दोन फूट रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या, काढलेली माती काठावरच ठेवा. गंजी मात्र आदल्या दिवशीच हलवा. वाऱ्यावर ठिणगी सहज वीस-पंचवीस फूट जाते, कडब्याला तेवढी पुरते. वारा सुटला तर बेत पुढं ढकलायचा.

पेटवायला मूठभर तुराट्या, वर वीस-पंचवीस वाळक्या गवऱ्या. गवरी ओली असली की नुसता धूर. जाळ बसून फुफाटा झाला की मगच कणसं खुपसा, दांडे बाहेर ठेवून फिरवत राहा. जाळावर धरली तर वरून करपतात, दाणा आत कच्चाच राहतो.

प्रश्नकर्ता: कण्हेरीच्या वाळक्या फांद्या पडल्यात. चालतील?

उत्तर ३: मुळीच नाही! कण्हेर विषारी, वाळली तरी. तिचा धूरही घातक, आणि इथं तर त्यावर खायचं भाजायचंय. रंगवलेलं लाकूड, प्लायवूडही नको. बाभळीचं सरपण चांगलं. जवळ दोन बादल्या पाणी भरून ठेवा.

विझवताना नुसती माती लोटू नका, खाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. थोडं थोडं पाणी शिंपडत काठीनं ढवळा. एकदम बादली ओतली तर गरम राख अंगावर उसळते. वरून हात धरून धग लागेनाशी झाली की मग माती. आवरेना झालं तर १०१.