मदत हवी आहे: ऑनलाइन गाणं शिकताना तानपुरा पलीकडे पोचतच नाही

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत असते. चाळिशीत गाणं शिकायचं मनावर घेतलं आणि पुण्यातल्या एका ताईंकडे व्हिडिओ कॉलवर शिकवणी लावली. (सध्या उन्हाळा, साडेतीन तासांचा फरक. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार, त्यामुळे शेजारीही कुरकुरत नाहीत.) राग भूप, पट्टी काळी चार (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी माझा 'सा').

पहिल्याच तासाला कळलं की बरोबरीनं गाणं विसरायचं. त्यांचा आवाज मला उशिरा येतो, त्यावर मी गायले की माझा त्यांना आणखी उशिरा. म्हणून त्या गातात, थांबतात, मग मी. तबलाही माझ्याच बाजूला लावते, म्हणजे मी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आले की नाही ते त्यांना नेमकं कळतं. इथवर जमलंय.

अडलंय तानपुऱ्यापाशी. दुसऱ्या मोबाइलवर तो लावते, मला छान ऐकू येतो, ताईंना अजिबात नाही. लांबवलेला षड्जही ('सा') मध्येच विरतो म्हणे. "दम कमी पडतोय का गं?" अहो दम आहे, अ‍ॅपच गिळतंय! एकसारखा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असा त्याचा समज असावा.

गोंगाट गाळायची सोय बंद केली. तानपुरा पोचला, पण ताईंना स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ लागला. हेडफोन लावले तर माझा गळा मलाच घुमतो आणि धैवत ('ध') उतरतो. भूपाचा संवादीच (रागातला दुसरा महत्त्वाचा सूर) ढळला तर गायचं काय?

असं कोणी शिकतंय का? वेगळा माइक घ्यावा की लॅपटॉपचा चालेल?

प्रतिसाद:
माइकची घाई नको. झूम असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करा. वायरचा हेडफोन घ्या आणि एकच कान झाका: झाकलेल्या कानात ताई, उघड्या कानाला तानपुरा आणि तुमचा गळा. ब्लूटूथ टाळा, उशीर वाढतो आणि त्याचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जाही घसरतो. तानपुऱ्याचा मोबाइल लॅपटॉपपासून जरा लांब, नाहीतर तोच वरचढ होतो.

ताई कशावरून शिकवतात, मोबाइल की लॅपटॉप? ती सेटिंग त्यांच्याकडेही सुरू हवी. तुमच्याकडच्या बदलानं त्यांचा तुमच्यापर्यंत येणारा आवाज सुधारणार नाही.