हवा शुद्ध करणारी यंत्रे आणि आपल्याच आवारातला धूर

सचिव : सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. मुलांच्या खेळघरासाठी आणि ज्येष्ठांच्या बैठकीच्या खोलीसाठी हवा शुद्ध करणारी यंत्रे घ्यावीत, असा लेखी प्रस्ताव काही सभासदांनी दिला आहे. तो सभेपुढे ठेवण्यापूर्वी आपली मते येथे कळवावीत, ही विनंती.

ए-३०२ : सचिव महोदय, प्रस्तावामागची काळजी रास्त आहे, माझ्याही घरात दम्याचा पंप कायम हाताशी ठेवावा लागतो. तरीही यंत्रांच्या आधी आपल्या आवारातच तयार होणाऱ्या धुराचा विषय मार्गी लागला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पहाटेची झाडलोट झाली की मागच्या कुंपणालगत पालापाचोळ्याचा ढीग पेटवला जातो, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनेही असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ज्येष्ठ मंडळी त्याच वाटेने फेऱ्या मारत असतात. वारा पडलेला असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर रात्रभरात जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्यामुळे पहाटेचा धूर वर न जाता माणसांच्या उंचीवरच रेंगाळतो. दुपारी तो लवकर विरेल, पण म्हणून दुपारी जाळावे असे मी सुचवत नाही. तो ढीग जाळूच नये. प्लास्टिक मंद आचेवर अर्धवट जळते तेव्हा त्यातून विषारी वायू निघतात, आणि त्यात क्लोरीनयुक्त पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी, शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहणारी द्रव्येही तयार होतात.

बी-६०१ : ताई, मुद्दा पटतो, पण प्रमाणाचाही विचार व्हायला हवा. वाहने, कारखाने आणि बांधकामे यांनी सगळ्या शहराची हवा बिघडलेली असताना आपल्या एका ढिगाचा हिशोब कितीसा असणार? आपण पाचोळा जाळला काय आणि न जाळला काय, मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक तेवढाच राहणार आहे.

ए-३०२ : काका, निर्देशांक तेवढाच राहील हे खरे आहे, कारण तो मोजणारे यंत्र आपल्या कुंपणापाशी बसवलेले नाही. एखाद्याच्या छातीत किती धूर जातो हे मात्र त्याच्या नाकाजवळच्या हवेत किती कण आहेत, तो तिथे किती वेळ आहे आणि किती जोराने श्वास घेतो आहे, यांवर ठरते. दूरच्या चिमणीचा धूर आपल्यापर्यंत पोहोचेतो पुष्कळ विरळ झालेला असतो, तर आपल्या ढिगाचा धूर दहा पावलांवरून थेट श्वासात जातो, तोही चालताना श्वास वाढलेला असताना. मुले तर वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढीला लागलेली असतात. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त धूर जे दोन सफाई कर्मचारी काठीने तो ढीग सारखा करत उभे असतात त्यांच्या वाट्याला येतो. आपल्या प्रस्तावात त्यांचा उल्लेखही नाही, याचे मला वाईट वाटते.

धुराला केवळ खोकल्याचे कारण समजणे ही आपली मोठी चूक आहे. धुरातले पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. हे कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले, आणि त्यांतले जवळपास दोन-तृतीयांश हृदयविकार आणि पक्षाघात यांचे होते. याच संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, कारण कमी प्रमाणातही अपाय होतो असे पुरावे पुढे आले होते.

सी-१०४ : डॉक्टर या नात्याने थोडी भर घालतो. यंत्रे निरुपयोगी नाहीत. त्यांतली चांगली हेपा गाळणी, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी, ०.३ मायक्रोमीटरचे कण ९९.९७ टक्के अडवते. परंतु त्याचा उपयोग दारे-खिडक्या बंद असलेल्या आणि यंत्राच्या क्षमतेत बसणाऱ्या खोलीत होतो. खेळघराचे दार मुलांच्या ये-जा करण्यामुळे उघडेच असते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड किंवा नायट्रोजन डायऑक्साइड यांसारखे वायू ही गाळणी अडवत नाही. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणारी यंत्रे तर कोणीही घेऊ नयेत, कारण ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो आणि दम्याच्या रुग्णाला तो अधिकच बाधतो. तोंडाला रुमाल बांधून फेऱ्या मारणाऱ्यांनाही सांगतो की रुमालातून हे कण सहज आत जातात. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

उगमच बंद केला तर काय घडते, याची उदाहरणे नोंदलेली आहेत. अमेरिकेतल्या यूटा खोऱ्यात एक पोलाद कारखाना कामगारांच्या तंट्यामुळे १९८६-८७ मध्ये वर्षाहून थोडा अधिक काळ बंद राहिला. संशोधक आर्डेन पोप यांनी तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत दमा आणि श्वासनलिकेचा दाह यांसाठी दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट असल्याचे आढळले. आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये १ सप्टेंबर १९९० पासून धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली आणि हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. श्वसनविकारांनी होणारे मृत्यूही कमी झाले. फायदा दिसायला पिढी जावी लागत नाही, हे मला रुग्णांच्या नातेवाइकांना वारंवार सांगावे लागते.

बी-६०१ : डॉक्टर, ही माहिती मला नव्हती, जाळण्याला माझा विरोध समजावा. पण पाचोळ्याचे करायचे काय? मागे खतासाठी खड्डा खणला होता, तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना वासाने खिडकी उघडता येत नव्हती.

ए-३०२ : काका, तो वास हवा न मिळाल्याचा होता. खड्ड्यात पाणी साचले, पाने एकमेकांना चिकटून बसली आणि कुजण्याची क्रिया हवेविना सुरू झाली. जमिनीच्या वर, चारही बाजूंनी जाळी लावून ढीग केला तर ही अडचण बहुतांशी येत नाही. सुक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र फारच थोडे असते, म्हणून नुसती पाने वर्ष वर्ष तशीच पडून राहतात. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते. त्यासाठी कापलेले हिरवे गवत, बागेतली ताजी छाटणी किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचा पातळ थर देऊन त्यावर पानांचा जाड थर द्यावा, आणि सर्वांत वरचा थर नेहमी सुक्या पानांचाच ठेवावा, म्हणजे माश्या बसत नाहीत. पाने आधी चुरली तर काम लवकर होते. ओल किती असावी, तर मूठभर मिश्रण दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. तो नीट चालला असेल तर आत हात घालवत नाही इतका गरम होतो. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला रोगजंतू आणि तणांचे बी बरेचसे मरते. प्लास्टिक मात्र झाडतानाच वेगळे काढावे लागेल.

डी-२०३ : विषय निघालाच आहे तर जनरेटरचेही पाहावे. त्याचे धुराडे आमच्या खिडकीच्या खालीच संपते आणि चाचणी नेमकी मुले शाळेला निघतात त्या वेळी होते. पडदे काळवंडले आहेत. तक्रार दिली की ‘पाहतो’ एवढेच उत्तर मिळते.

सी-१०४ : ही तक्रार पाचोळ्याइतकीच महत्त्वाची आहे. डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. तळघरात गाड्या चालू ठेवून थांबणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की तिथला धूर जिन्याच्या आणि लिफ्टच्या पोकळीतून वरच्या मजल्यांपर्यंत खेचला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

ए-३०२ : एक विनंती आहे. ‘उद्यापासून जाळू नका’ एवढी सूचना फलकावर लावून हा प्रश्न सुटणार नाही. ढीग पेटवणे हा त्या दोघांनी आपल्यावरचा भार हलका करण्यासाठी काढलेला मार्ग आहे. पाने गोळा करून वाहून नेण्यासाठी त्यांच्याकडे धड हातगाडीही नाही. आधी त्यांना विचारावे आणि मग व्यवस्था ठरवावी.

सचिव : सर्व मते नोंदवली आहेत. यंत्रांचा प्रस्ताव तूर्त पुढे ढकलत आहे. दारे बंद राहू शकतील अशा एका खोलीपुरता त्याचा विचार सभेत करू. पाचोळ्याचे ढीग, जनरेटरचे धुराडे गच्चीच्या वर नेणे, चाचणीची वेळ बदलणे आणि तळघरातल्या चालू गाड्या हे चार विषय कार्यक्रमपत्रिकेत घेतले आहेत. दोन्ही सफाई कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतच सभेला बोलावले आहे. जाळी आणि हातगाडी येईपर्यंत पाचोळा मागच्या मोकळ्या शेडमध्ये साठवावा; तो कोणीही पेटवू नये.

ए-३०२ : आभारी आहे. शेडजवळ नळ नाही, त्यामुळे ढिगाला पाणी द्यायला बागेतली नळी तिथवर पोहोचते का, ते उद्या सकाळी मी पाहून ठेवते.

बी-६०१ : पोहोचत नाही, ताई, मध्ये जोड द्यावा लागेल. माझ्याकडे जुनी नळी पडून आहे, ती सकाळी घेऊन येतो.