‘रसग्रहण’, ‘आस्वाद’ आणि ‘चर्वणा’

प्रश्न : ‘कवितेचे रसग्रहण करा’ आणि ‘कवितेचा आस्वाद घ्या’ या दोन वाक्यांत अर्थाचा फरक आहे का?

उत्तर : व्युत्पत्ती पाहिली तर फारसा नाही. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, तेव्हा रसग्रहण म्हणजे रस आत घेणे. ‘आस्वाद’ हा शब्द ‘स्वद्’ या रुचीशी संबंधित धातूपासून आला आहे. फरक पडला तो वापरामुळे. आस्वाद आपण ‘घेतो’, रसग्रहण मात्र ‘करतो’ किंवा ‘लिहितो’, आणि त्यामुळे मूळ शब्दातच असलेला घेण्याचा अर्थ मागे पडून शाळेत रसग्रहण म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरलेल्या क्रमाने लिहायचे उत्तर होऊन बसले आहे.

मी स्वतः असे उत्तर पाठ केले होते. बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर मार्गदर्शकातील ‘विरक्तीचे प्रतीक’ हे शब्द लिहून मी चांगले गुण मिळवले; कविता मात्र मला कळलीच नव्हती. पुढे कोल्हापुरातच महाविद्यालयात शिकत असताना आमच्या सरांनी ती वर्गात तीनदा मोठ्याने वाचायला लावली आणि एवढेच विचारले, की ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’ या शेवटच्या ओळीत ‘असला’ हा शब्द कशासाठी आला आहे. आमच्याकडे ‘असलं काय चालायचं न्हाई’ असे म्हणतात. बोलण्यात ‘असला’ बहुधा नापसंतीच्या सुरात येतो. इथे तोच शब्द ‘बसला’ला लागून येतो आणि कवीने हात लांब करून ‘हा पाहा, असा’ म्हणावे तसा ऐकू येतो. मग माझे लक्ष आधीच्या ओळीतील ‘गोड काळिमा’कडे गेले. काळिमा आपण फासतो, नावाला लावतो. बालकवींनी तो गोड केला आहे. व्यवहारात नापसंती किंवा बट्टा दाखवणारे दोन शब्द या शांत चित्रात डाग न लावता बसतात, हे कोणी न सांगता माझे मला दिसले, तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. त्या संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर बसून, पाणी काळवंडत जाताना पाहत, मी ती कविता पुन्हा पुन्हा म्हटली.

या अनुभवासाठी संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांनी वापरलेला ‘चर्वणा’, म्हणजे चावून चावून चव घेणे, हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. मराठीत तो ‘चर्वितचर्वण’ या जोडशब्दात अडकून निंदेचा झाला, याचे वाईट वाटते. कोल्हापूरच्या माणसाला खरे तर तो समजावून सांगायला नको. गुऱ्हाळावर घाण्यातून काढलेला रस पेला भरून मिळतो; पण उसाचे कांडे दातांनी सोलून, एकेक पेर चावून, चोथा टाकत खाल्ले, तर तीच गोडी सावकाश आणि शेवटपर्यंत उतरत जाते. मार्गदर्शकातील रसग्रहण हा दुसऱ्याने काढून दिलेला रस आहे.

तेव्हा परीक्षेतील उत्तराला ‘रसग्रहण’ म्हणावे, ती रूढी आता मोडणार नाही. वाचण्याच्या क्रियेला मात्र ‘आस्वाद’च म्हणावे.

पुरवणी प्रश्न : मग ‘रसास्वाद’ ही द्विरुक्ती होते का?

उत्तर : नाही. ‘रस’ हा शब्द काय घ्यायचे ते सांगतो, ‘आस्वाद’ हा कसे घ्यायचे ते सांगतो. ‘चित्रपट रसास्वाद शिबिर’ हा प्रयोग रूढ आहे. तिथे ‘रसग्रहण’ घालून पाहा, लगेच वही-पेन आठवेल.